सुट्या बाह्या आणि जपलेले काठ

वणीच्या गडावर सप्तशृंगीला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. मूर्ती कड्याच्या कातळातच कोरलेली, हात अठरा. बाहीत हात घालून चोळी चढवणं शक्यच नाही. कापड पुढून बसवायचं, चुण्या सारख्या करायच्या, मग वर दागिने. वस्त्र असं भागाभागांनी अंगावर उभं करता येतं, हे शिवलेल्या कपड्यांच्या सवयीत आपण विसरलो आहोत.

पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपातली माणसंही अशीच नटत. बाही झग्याला शिवलेली नसे, खांद्याशी नाड्यांनी बांधलेली असे. इटलीत नवरीच्या सामानाच्या याद्यांत बाह्यांची नोंद वेगळी होई, कारण मखमलीच्या आणि जरीच्या बाह्या म्हणजे स्वतंत्र ऐवजच. झगा एकच, बाह्यांचे जोड मात्र वेगवेगळे. त्यात व्यवहारही होता: बाही आधी मळते, कोपरावर आधी विरते. मग तेवढीच बदलायची.

आपल्याकडे हे काम नाडीपेक्षा सुईने जास्त केलं. येवल्याच्या पैठणीचं रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की चिरतं; जरीचा काठ मात्र शाबूत राहतो. तो अलगद काढून नव्या चोळीच्या बाहीला लावायचा, की जुनी पैठणी पुन्हा लग्नात मिरवायला मोकळी. पुरुषांच्या बाराबंदीला तर बटणंच नव्हती. बंद बांधायचे, अंग सुटलं तर जरा सैल. त्यावर उपरणं, थंडीत शाल.

निफाडच्या थंडीत ही थरांची रीत अजून दिसते. पहाटे द्राक्षबागेत निघालेल्या माणसाच्या अंगावर सदरा, बिनबाह्यांचा स्वेटर, कानाला मफलर. ऊन चढलं की एकेक उतरतं.

तयार कपड्यांनी मात्र दुरुस्तीची वाटच बंद केली आहे. ब्लाउज काखेत उसवतो, आत माया नसते, आणि बाकी धडधाकट कापड फडक्यात जातं. हा नासाडीचाच प्रकार आहे, विणकराच्या कष्टांची बेपर्वाई आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती जपायची ती घरात. ब्लाउज शिवायला टाकतानाच शिंप्याला सांगावं: काठ बाहीला वेगळा जोडा, आणि आत बोटभर माया सोडा.