साहेब नेमका कुठला?

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार होता. मी तेव्हा कार्डिफमध्ये नोकरी करत होतो. अमेरिकेतल्या शाखेतून रात्रीतून एक संदेश आला होता : इंग्लंडमधल्या सर्व सहकाऱ्यांना थँक्सगिव्हिंगच्या शुभेच्छा. आमच्या खोलीत सात माणसं. तीन वेल्श, एक स्कॉट, एक बेलफास्टची बाई, एकच इंग्लिश, तोही यॉर्कशरचा, आणि मी पुण्याचा. किटलीतलं पाणी उकळायच्या आत सगळे त्या एका ओळीवर तुटून पडले.

स्कॉट म्हणाला, शुभेच्छा फक्त यॉर्कशरवाल्यासाठी आहेत, बाकीच्यांनी कामाला लागावं. यॉर्कशरवाला म्हणाला, १६२० साली जहाजात बसून जे आम्हाला सोडून गेले, त्यांचा सण आम्ही का साजरा करायचा? हां, ते गेले याबद्दल आभार मानायचे असतील तर मी तयार आहे. बेलफास्टची बाई म्हणाली, मला विचारूच नका, मी कुठली ते सांगायला लागले तर चहा गार होईल. हशा पिकला. मग आमच्यातला वयानं सगळ्यात मोठा वेल्श माणूस शांतपणे म्हणाला, "मी इंग्लिश नाही, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय, की तितक्या वेळा स्वतःचं नावही सांगितलं नसेल." त्याच्या आवाजात राग नव्हता. पण माझा हात कपावरच थांबला. आदल्याच रात्री मी आईला फोनवर सांगितलं होतं, इंग्लंडात फार थंडी पडलीय.

माझी आई शाळेत इतिहास शिकवायची. तिच्या तोंडून ऐकलेल्या इतिहासात समुद्रापलीकडून आलेला शत्रू एकच होता आणि त्याचं नाव होतं इंग्रज. पेशवाई इंग्रजांनी बुडवली, असईला शिंदे-भोसल्यांना इंग्रजांनी हरवलं. आता ही माणसं एकेक करून बघा. असईचा सेनापती आर्थर वेलस्ली जन्मला डब्लिनमध्ये. २३ सप्टेंबर १८०३ला त्याच्या बाजूनं लढलेल्या गोऱ्या पलटणींपैकी ७४वी आणि ७८वी या स्कॉटलंडच्या हायलँडर पलटणी होत्या. पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉट. त्याच्यानंतर गव्हर्नर झालेला जॉन माल्कम, ज्याच्या नावानं महाबळेश्वरची माल्कम पेठ वसली, तोही स्कॉट. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत छापणारा ग्रँट डफ स्कॉट. मुंबईतलं विल्सन कॉलेज ज्याच्या नावानं आहे तो मिशनरी जॉन विल्सनही स्कॉट. हा योगायोग नव्हता. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची पार्लमेंटं एक झाली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्यांचं दार स्कॉटलंडच्या धाकट्या मुलांना उघडलं. पुढे कंपनीच्या कारभारावर लंडनहून देखरेख करणाऱ्या मंडळाचा प्रमुख हेन्री डंडास हा स्कॉटच होता आणि आपल्या मुलखातल्या पोरांची वर्णी लावण्यात त्यानं कसूर केली नाही.

१७ नोव्हेंबर १८१७ला शनिवारवाड्यावर चढलेल्या युनियन जॅककडेही या नजरेनं पाहावंसं वाटतं. त्यात तीन क्रूस एकावर एक आहेत : इंग्लंडचा संत जॉर्ज, स्कॉटलंडचा संत अँड्र्यू आणि १८०१ साली आयर्लंड जोडल्यावर आलेला संत पॅट्रिक. वेल्सचं त्यात काहीही नाही, कारण झेंडा बनला तेव्हा वेल्स इंग्लंडच्या पोटात कधीच गेलेलं होतं. दोन शतकं ज्या झेंड्याकडे आपण परक्याचा झेंडा म्हणून पाहिलं, त्यात आमच्या खोलीतल्या तीन माणसांनाही जागा नव्हती.

आपल्या पूर्वजांचा यात दोष आहे असं मला वाटत नाही. लांबून सगळं एकच दिसतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या सगळ्या दर्यावर्दींना मिळून टोपीकर म्हटलं आहे, आणि ज्याला समुद्रावरून येणाऱ्या माणसाची फक्त टोपी दिसते त्यानं दुसरं काय म्हणावं? विलायत हा शब्दही असाच. मूळ अरबी, अर्थ मुलूख, राज्य. आपल्याकडे तो साहेबाच्या देशाला चिकटला आणि मग बाहेरून आलेल्या कशालाही लागला. विलायती चिंचेचं झाड तर मूळचं मेक्सिकोकडचं. पण या शब्दाचा पुढचा प्रवास मला हलवून गेला. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांनी विलायतीचं ब्लायटी केलं आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात अडकलेली पोरं घराची आठवण काढताना हाच शब्द वापरू लागली. घरी पाठवतील इतपत जखम झाली तर तिला ब्लायटी म्हणत. परक्यांनी त्यांच्या देशाला दिलेलं नाव त्यांना मायदेशासाठी जवळचं वाटलं.

वेल्सच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. वेल्श हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या परका या अर्थाच्या शब्दातून आला आहे. म्हणजे नंतर आलेल्यांनी आधीपासून राहणाऱ्यांना परके ठरवलं आणि तेच नाव नकाशावर बसलं. ते स्वतः आपल्या देशाला कम्री म्हणतात. त्याच्या मुळाशी एका मुलखाचे, सोबती असा अर्थ आहे. त्या खोलीतला माणूस मी इंग्लिश नाही म्हणायचा तेव्हा तो खरं तर इतकंच सांगत होता, की मी इथला आहे.

या लोकांची भूगोलावरची थट्टा ऐकत राहावी अशी असते. आपल्याकडे पुणेकर, मुंबईकर आणि नागपूरकर एकमेकांची फिरकी घेतात तशीच, फक्त हातात नकाशा घेऊन. एडिंबरा ब्रिस्टलच्या पश्चिमेला आहे हे सांगून स्कॉट माणूस पैज जिंकतो, कारण सगळ्यांच्या डोक्यात ब्रिटन सरळ उभं असतं आणि प्रत्यक्षात ते डावीकडे कललेलं आहे. उत्तर आयर्लंडहून अधिक उत्तरेला आयर्लंडच्या प्रजासत्ताकातलं मॅलिन हेड आहे, म्हणजे राजकारणातली दक्षिण भूगोलात उत्तरेच्याही वर. शेटलंडची बेटं इतकी दूर, की नकाशा काढणारे त्यांना कोपऱ्यातल्या चौकटीत कोंबायचे. शेटलंडच्या लोकांना ते इतकं लागलं, की स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं २०१८ साली बेटांसाठी केलेल्या कायद्यात, सरकारी संस्थांनी सबळ कारणाशिवाय शेटलंड चौकटीत दाखवू नये, अशी तरतूद झाली. मला हा कायदा फार आवडतो. आपण कडेला असलो तरी आपलं अंतर खरंखुरं दाखवा, एवढीच ती मागणी आहे.

तू कोण, हा प्रश्न तिथे सरकारही विचारतं आणि उत्तर कसं बदलतं ते पाहण्यासारखं आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न २०११ साली पहिल्यांदा आला. तेव्हा ५७.७ टक्के लोकांनी फक्त इंग्लिश असं नोंदवलं आणि १९.१ टक्क्यांनी फक्त ब्रिटिश. दहा वर्षांनी फक्त ब्रिटिश म्हणणारे ५४.८ टक्के झाले आणि फक्त इंग्लिश म्हणणारे १४.९ टक्क्यांवर आले. एवढी माणसं दहा वर्षांत मनानं बदलली का? तसं नाही. इंग्लंडच्या अर्जात ब्रिटिश हा पर्याय या वेळी सगळ्यात वर छापला होता, हे त्यामागचं एक कारण सांख्यिकी खात्यानंच दिलं आहे. यावरून ओळख पोकळ असते असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. माणसाकडे दोन-तीन खरी उत्तरं असतात आणि समोरचा जे आधी विचारतो ते आधी ओठावर येतं. मीही लंडनमध्ये इंडियन असतो, दिल्लीत मराठी, मुंबईत पुण्याचा आणि पुण्यात सदाशिव पेठेतला. यातलं एकही खोटं नाही. बेलफास्टच्या बाईचा चहा गार होण्याची भीती होती तीही याचसाठी. १९९८च्या गुड फ्रायडे करारानं उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क लिहून दिला आहे. तीस वर्षांचा रक्तपात आणि साडेतीन हजारांवर बळी यांच्यानंतर माणसं ज्या वाक्यापाशी आली, ते 'दोन्ही चालेल' असं होतं.

म्हणून चहाच्या वेळची ती थट्टा मला किरकोळ वाटत नाही. पण थट्टा आणि टवाळी यांत फरक आहे. एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात वेल्श नॉट नावाची लाकडी पट्टी अडकवत. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की पट्टी त्याच्या गळ्यात जाई आणि शेवटी ज्याच्याकडे ती उरेल त्या मुलाला मार बसे. १८४७ साली निळ्या वेष्टनातल्या सरकारी अहवालानं वेल्श माणसांना अडाणी आणि बदफैली ठरवलं. त्या निळ्या पुस्तकांचा विश्वासघात वेल्समध्ये आजही विसरलेला नाही. जिथे एकालाच हसायचा हक्क असतो आणि दुसऱ्यानं फक्त ऐकायचं असतं तिथे थट्टा उरत नाही. आमच्या खोलीत प्रत्येकाला उलट बोलता येत होतं. त्या सकाळी मी थोडी भर घातली. म्हटलं, तुम्हाला निदान चार देश आहेत, मी तर इथे आल्यापासून हिंदी येतं का याचंच उत्तर देतोय. वेल्श म्हातारा माझ्याकडे वळला आणि त्यानं विचारलं, "मग तुझी भाषा कोणती?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला गेला होता. मला अजून त्याचे आभार मानायचे आहेत.

आभारांचंही तिथे असंच आहे. अमेरिकेसारखा आभाराचा राष्ट्रीय दिवस ब्रिटनला नाही. एवढंच कशाला, त्या देशाला राष्ट्रीय दिवसच नाही. स्कॉटलंडला संत अँड्र्यूची सुट्टी आहे, उत्तर आयर्लंडला संत पॅट्रिकची, वेल्सच्या संत डेव्हिडला १ मार्चला सुट्टी मिळत नाही. सणही एकसारखे नाहीत. स्कॉटलंडमध्ये १९५८पर्यंत नाताळ हा बहुतेकांच्या कामाचाच दिवस होता. त्यांचा खरा सण वर्ष सरतानाचा हॉगमने. सुगीचे आभार मानायची आजची रीत कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टोच्या रॉबर्ट हॉकर या पाद्र्यानं १८४३ साली सुरू केली. चर्चमध्ये धान्य, भोपळे, पाव आणून ठेवतात. नवान्नाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट सर जॉन लबकची. डार्विनचा हा शेजारी बँकर होता, मुंग्या-मधमाश्यांचा अभ्यासक होता आणि खासदार होता. १८७१ साली त्यानं बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला आणि कारकुनांना पगारी सुट्टीचे मोजके दिवस मिळाले. लोक इतके खूश झाले, की ऑगस्टमधल्या सुट्टीच्या सोमवारला संत लबकचा दिवस म्हणू लागले. सुट्टी देणाऱ्याला माणसांनी संतांच्या पंगतीला बसवलं.

आपल्या घरात आभार मानत नाहीत. भावानं पाणी आणून दिलं आणि मी धन्यवाद म्हणालो, तर परक्यासारखं काय बोलतोस म्हणेल. आभार आपण बाहेर मानतो, कार्यक्रमाच्या शेवटी, खुर्च्या सरकू लागल्यावर. त्यामुळे कार्डिफच्या बसमधून उतरणारं प्रत्येक माणूस चालकाला चिअर्स किंवा थँक्यू म्हणून उतरतं हे मला सुरुवातीला यांत्रिक वाटे. तिकिटाचे पैसे दिलेत, मग आभार कशाचे? एका संध्याकाळी वेल्श म्हातारा माझ्या पुढे उतरला. पायरीवर वळून तो 'दिओल्ख', म्हणजे धन्यवाद, म्हणाला. चालक बहुधा सोमाली होता. बंदराच्या वस्तीत ती माणसं कित्येक पिढ्यांपासून राहतात. त्यानंही वेल्शमध्येच उत्तर दिलं, 'क्रोइसो', म्हणजे स्वागत आहे. आपलेपणा आधीच असलेल्या घरात आभार कोरडे वाटतात, आणि जिथे तो अजून व्हायचा असतो तिथे ते पहिलं पाऊल असतं, हे मला त्या पायरीवर कळलं.

रविवारी आईला फोन केला. म्हटलं, वेल्समध्ये पाऊस आहे.

"म्हणजे? तू इंग्लंड सोडलंस?"

मी सांगायला बसलो. तीन क्रूस, परका या अर्थाचं नाव, स्कॉट गव्हर्नर, डब्लिनचा वेलस्ली. ती मधे काही बोलली नाही.

"म्हणजे एल्फिन्स्टन इंग्रज नव्हता?" तिनं विचारलं. "अरे, तीस वर्षं मी मुलांना तसंच शिकवलं." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांब, वही घेते. पहिल्यापासून सांग."