आधी माल, मग भट्टी

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत साचे बनवणाऱ्या एका कारागिराची मुलगी मेटलर्जी शिकून इंजिनिअर झाली. पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं तिनं मनावर घेतलं. रोज रात्री ती वही उघडून बसायची. वर ओळीनं देशांची नावं, खाली कुठं कोण पाहुणा, कुठं थंडी किती, कुठल्या देशाचा रुबाब जास्त. महिना गेला, तरी वहीत नुसती खाडाखोड.

शेवटी वडिलांना, म्हणजे आबांना, घेऊन ती एका एजंटाकडं गेली. त्यानं चहा मागवला आणि कॅनडातल्या एका कॉलेजचं माहितीपत्रक पुढं सरकवलं. "डोळे झाकून घ्या. पीआर, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना, मिळाल्यातच जमा."

आबा म्हणाले, "साहेब, आमच्याकडनं तुम्ही फी घेत नाही. मग तुमचं भागतं कसं?"

"कॉलेज कमिशन देतं की."

"आणि जे देत नाही, त्याचा कागद ठेवता का टेबलावर?"

"चहा घ्या, गार होतोय," एजंट म्हणाला.

घरी आल्यावर आबांनी वही मागितली. "फाउंड्रीत आधी माल काय ओतायचा ते ठरतंय, मग भट्टी. तू नुसत्या भट्ट्याच मोजत बसलीयस, पोरी. ही नावं खोड. काय शिकायचं, कर्ज किती झेपंल आणि शिकून झाल्यावर राहायचं कुठं, एवढं लिही."

तिनं लिहिलं : ओतकाम. पंधरा लाखांच्या वर कर्ज नको. दोन-चार वर्षं तिथल्या कारखान्यात काढून परत यायचं.

मग एकेक देश आपोआप गळू लागला. अमेरिकेत अशा पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत काम करता येतं, पण फी तिच्या आकड्यात बसेना. कॅनडानं २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली होती. जर्मनीत आखेनच्या सरकारी विद्यापीठात ओतकामाची स्वतंत्र संस्थाच निघाली आणि शिकवणीची फी नाही. तरी फुकट काहीच नव्हतं. व्हिसासाठी महिना ९९२ युरोंप्रमाणे वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच ठेवायचे, पदव्या तपासणाऱ्या एपीएसचं प्रमाणपत्र काढायचं आणि कारखान्यात टिकायचं तर जर्मन शिकायचं. दुसऱ्याच दिवशी तिनं भाषेचा क्लास लावला.

तिच्या वर्गमित्रानंही हेच तीन प्रश्न स्वतःला विचारले. त्याचं उत्तर ब्रिटन आलं. वडिलांचा कारखाना सांभाळायला त्याला लवकर परतायचं होतं आणि तिथलं एमएससी एका वर्षात होतं. फी जास्त होती, पण त्याच्या घरच्यांना झेपणारी. दोघांचे देश वेगळे, निवड दोघांचीही बरोबर.

तात्पर्य : काय शिकायचं, किती पैसा घालायचा आणि पुढं काय करायचं, हे आधी लिहा, देशाचं नाव सगळ्यात शेवटी. आणि नियम एजंटाच्या तोंडून ऐकू नका, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. ते बदलत राहतात.