आजीचा तांब्या

आमच्या शोकेसमध्ये आजीचा पितळी तांब्या आहे. दिवाळीला चिंच लावून तो लख्ख घासला जातो आणि परत काचेआड जातो. आजी मात्र तो रोज भरून ओसरीवर ठेवायची. पोस्टमन, भाजीवाली, रस्त्याने जाणारा कुणीही यावं आणि पाणी प्यावं. आम्ही तांब्या जपला. पाणी ठेवायचं राहून गेलं.

हे लक्षात आलं ढाक्यातल्या बैत-उर-रऊफ मशिदीबद्दल वाचताना. वास्तुरचनाकार मरीना तबस्सुम यांच्या आजीने मशिदीसाठी आपली जमीन दिली. पुढे आजी गेली. मग आराखड्यापासून पैसे उभे करण्यापर्यंत सगळा भार नातीने उचलला. 2012 साली मशीद पुरी झाली, 2016 साली तिला आगा खान पुरस्कार मिळाला. बंगालमध्ये सुलतानांच्या काळातल्या विटांच्या जुन्या मशिदी आहेत. बागेरहाटची 15व्या शतकातली साठ घुमट मशीद त्यातलीच. त्यांचं काही घ्यायचं, तर आधी घुमट डोळ्यांसमोर येतो. मरीना यांनी घुमट घेतला नाही, मिनारही उभारला नाही. घेतली ती साधी भाजलेली वीट.

त्या विटांची जाळी बघण्यासारखी आहे. मध्ये मध्ये एकेक वीट बसवलेलीच नाही. त्या मोकळ्या जागांतून वारा आत येतो. छताला लहान लहान गोल झरोके आहेत, त्यांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडतात आणि दिवसभर हळूहळू सरकत राहतात. जागा किब्ल्याच्या, म्हणजे नमाजासाठी तोंड करायच्या दिशेला तिरकी होती. तक्रार न करता मरीना यांनी चौकोनात एक वर्तुळ बसवलं आणि आतलं प्रार्थनेचं दालन हव्या त्या दिशेला वळवून घेतलं. मला सगळ्यात आवडलं ते जोतं. ते उंच आहे आणि कडेने बसायला मोकळं आहे. तिथे मुलं खेळतात, म्हातारी माणसं गप्पा मारत बसतात, नमाजाची वेळ असो वा नसो. जुन्या मशिदीही अशाच माणसं जमण्याच्या जागा होत्या. दिसणं नवं, वागणं जुनं. नातीने आजीच्या जमिनीवर ओसरीच बांधली, असं मला वाटतं.

आज आमचा तांब्या काचेबाहेर येणार आहे. हल्ली कुरिअरची मुलं तीन-तीन जिने चढून येतात, घामाघूम झालेली असतात. तुमच्या घरीही असा एखादा तांब्या असेल. कामाला निघण्याआधी तो भरून दाराशी ठेवा.