द्राक्ष, मोह आणि माळ

माउली, आपल्या मुक्ताईचे थोरले बंधू निवृत्तिनाथ नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ आहेत. त्याच जिल्ह्यात, गंगापूर धरणालगतच्या द्राक्षमळ्यांत आज माणसे वाईन चाखायला जातात. २००१ च्या शासकीय धोरणाने त्या धंद्याला बळ दिले. आपल्या सातपुड्यातही मोहाची दारू जुनीच; आदिवासी बांधव ती देवालाही वाहतात. त्यांना नावे ठेवणारे आपण कोण?

प्रश्न आपल्या माळेचा आहे. माळकऱ्याने वाईनसाठी द्राक्षे विकावीत का? द्राक्ष निर्दोष आहे आणि डोक्यावरचे कर्जही खरे आहे. म्हणून दुसऱ्याचा न्याय करू नका. स्वतःला मात्र एवढेच विचारा : तो पेला माझ्या लेकीच्या सासरी पोचला, तर मला गोड झोप लागेल का? रामकृष्ण हरी!