शोक, साक्ष आणि श्रद्धेचे मोल

स्टीव्ह सिलागी यांच्या १९९२ सालच्या कादंबरीवर आधारलेला, निक विलिंग दिग्दर्शित 'फोटोग्राफिंग फेअरीज' (१९९७) हा चित्रपट पऱ्यांविषयीचा म्हणून ओळखला जातो. त्याचा खरा विषय मात्र छायाचित्र हा आहे. अधिक नेमके सांगायचे तर, मृत माणसाच्या संदर्भात छायाचित्राला कोणत्या अर्थाने साक्षीदार मानायचे, हा आहे. चार्ल्स कॅसल या छायाचित्रकाराची नवपरिणीत पत्नी आल्प्सच्या बर्फात नाहीशी होते. पुढे पहिल्या महायुद्धात तो मृत सैनिकांची छायाचित्रे घेतो आणि युद्ध संपल्यावर एक विलक्षण व्यवसाय करतो. युद्धात मुलगा गमावलेल्या आईवडिलांना, तो मुलगा शेजारी उभा असल्यासारखे भासणारे कौटुंबिक छायाचित्र तो जुळवून देतो. आणि हाच मनुष्य थिऑसॉफिस्टांच्या सभेत उभा राहून कॉटिंग्लीच्या पऱ्यांची छायाचित्रे बनावट असल्याचे सर्वांसमक्ष दाखवून देतो.

वरवर पाहता ही विसंगती वाटते; ती तशी नाही. कॅसलकडे येणारे आईवडील त्या जुळवणीची मागणी स्वतःच करतात. मुलगा परत आलेला नाही हे त्यांना ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही त्यांना ते चित्र भिंतीवर हवे असते. कोलरिजने १८१७ साली ज्या स्वेच्छेने पत्करलेल्या अविश्वास-स्थगितीविषयी लिहिले, तिचेच हे घरगुती रूप होय. कॉटिंग्लीची छायाचित्रे अशी स्वेच्छा मागत नाहीत. ती आपल्याला कल्पिताच्या प्रांतातून उचलून पुराव्याच्या प्रांतात नेऊन ठेवतात. साहित्य आणि साक्ष यांतील हा भेद चित्रपटाच्या पूर्वार्धाला उत्तम कळलेला आहे.

ज्या घटनेला चित्रपट स्पर्श करून पुढे जातो, ती मुळातच अधिक बोलकी आहे. १९१७ साली यॉर्कशरमधील ब्रॅडफर्डजवळच्या कॉटिंग्ली या खेड्यात एल्सी राइट (वय १६) आणि तिची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स (वय ९) यांनी ओढ्याकाठी दोन छायाचित्रे काढली. फ्रान्सिस ओढ्यात भिजून येई, रागावणी खाई, आणि पऱ्या पाहायला गेले होते असे सांगे; तिचे खरे करण्यासाठी केलेली ही थट्टा. पऱ्या कागदावर रंगवून कापलेल्या व टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या होत्या. एल्सीच्या आईने १९१९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभेत त्यांचा उल्लेख केला, तेथून ती एडवर्ड गार्डनर यांच्याकडे आणि पुढे आर्थर कॉनन डॉइल यांच्यापर्यंत पोहोचली. डॉइल यांनी डिसेंबर १९२० च्या 'स्ट्रँड'मध्ये ती छापली, १९२२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. ज्या चित्रांवरून पऱ्या उतरवल्या होत्या ती १९१४ सालच्या 'प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक'मधील होती, आणि त्याच पुस्तकात डॉइल यांचीही एक कथा होती. शेरलॉक होम्सच्या जनकाच्या नजरेतून हा दुवा निसटावा, यावर कोणत्याही विनोदी लेखकाला अधिक काही सुचले नसते.

डॉइल यांच्या श्रद्धेचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते: पुत्र किंग्जली १९१८ साली गेला, भाऊ इनिस १९१९ साली, आणि शोकाने विवेकावर मात केली. हे स्पष्टीकरण सहानुभूतीचे आहे, पण अपुरे आहे. डॉइल यांनी परलोकवादावरील आपली श्रद्धा १९१६ सालीच, म्हणजे या दोन्ही मृत्यूंच्या आधी, जाहीर केली होती. शिवाय याच कथानकात दुसरा एक शोकग्रस्त आहे. जादूगार हूदिनीची आई १९१३ साली वारली. १९२२ साली अटलांटिक सिटीमध्ये लेडी डॉइल यांनी समाधिस्थ अवस्थेत त्या आईचा म्हणून जो संदेश लिहिला तो इंग्रजीत होता आणि वर क्रूसाचे चिन्ह होते. रब्बीच्या त्या पत्नीला इंग्रजी येत नव्हते. हूदिनीचा शोक डॉइल यांच्याहून उणा नव्हता. पण त्याच्या शोकाला खोट्या आईचा अपमान वाटला. शोकातून श्रद्धा निपजते तशी अश्रद्धाही निपजते. म्हणून श्रद्धेची नैतिक जबाबदारी शोकावर ढकलून मोकळे होता येत नाही.

फ्रॉइड यांचा शोक आणि विषण्णता यांवरील निबंध १९१७ सालीच, म्हणजे या छायाचित्रांच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला, हा योगायोग अर्थपूर्ण मानायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यातील प्रतिपादन असे की, प्रिय व्यक्ती आता नाही हे वास्तव एकेका आठवणीपाशी पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याचे संथ, वेदनामय कार्य म्हणजे शोक. हे कार्य अर्ध्यावर थांबवण्याची सोय म्हणजे अतिमानुषावरील श्रद्धा, असे म्हणता येईल.

येथे आपल्या काव्यशास्त्रातील एक भेद मला अधिक उपयोगी वाटतो. करुण आणि विप्रलंभ यांची सीमा भरताने अपेक्षेच्या आधारे आखली: विप्रलंभ सापेक्ष, करुण निरपेक्ष. प्रियजन मृत झाला तरी त्याच देहाने पुनर्मीलन होण्याची आशा उरली, तर त्याला करुणविप्रलंभ म्हणतात. 'कादंबरी'तील महाश्वेता हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आकाशवाणी होताच तिच्या शोकाची जातच बदलते. कॅसलच्या बाबतीत आकाशवाणीचे काम एक फूल करते. ते खाल्ल्यावर काळ मंदावतो आणि पऱ्या दिसू लागतात. त्या क्षणी त्याचा शोक निरपेक्ष राहत नाही, तो विरह होतो. आणि विरही माणसाला उरलेले आयुष्य म्हणजे केवळ वाटेतले अंतर वाटू लागते.

तोदोरोवने १९७० साली ज्या संभ्रमाला विलक्षण साहित्याचे लक्षण मानले, तो चित्रपटाच्या मध्यापर्यंत टिकतो. नंतर चित्रपट पऱ्या खऱ्या असल्याचा निर्वाळा देऊन मोकळा होतो. याला माझा आक्षेप कलात्मक आहे, त्याहून अधिक नैतिक आहे. कॅसलला आपल्या मुलींचे छायाचित्र आणून देणारी बिअ‍ॅट्रिस टेम्पलटन त्या फुलाच्या अमलाखाली झाडावरून पडून मरते. तिचा पाद्री पती (बेन किंग्जली) कॅसलशी झालेल्या झटापटीत जिवाला मुकतो. कॅसल समाधानाने फाशी जातो आणि पुन्हा त्याच बर्फात, पत्नीपाशी, पोहोचतो. श्रद्धा खरी ठरल्यामुळे फाशी हे जणू लग्नकार्य ठरते आणि हिशेब मिटतो. पण हिशेब कोणाचा? क्लिफर्डने १८७७ सालच्या आपल्या निबंधात एका जहाजमालकाचे उदाहरण दिले होते. जहाज सुस्थितीत आहे असा विश्वास तो मनाशी प्रामाणिकपणे बाळगतो; बुडतात ते प्रवासी. विल्यम जेम्सने पुढे, जेथे पुरावा निर्णय देऊ शकत नाही तेथे विश्वास ठेवण्याचा माणसाचा हक्क समर्थपणे मांडला, आणि शोकग्रस्ताच्या बाबतीत आपले मन जेम्सकडे झुकते. झुकावेच. मात्र जहाजावर आणखी कोण आहे, हा प्रश्न त्याने नाहीसा होत नाही. चित्रपटात जहाजावर टेम्पलटनच्या दोन लहान मुली आहेत. आईवडील दोघेही गेल्यावर त्यांचे काय झाले, यात चित्रपटाला फारसा रस उरत नाही. कॅमेरा कॅसलच्या मुक्तीकडे वळलेला असतो.

कॉटिंग्लीच्या दोन मुलींची गोष्टही याहून फार वेगळी नाही. १९२० साली त्यांच्या हाती नवे कॅमेरे देण्यात आले आणि आणखी तीन छायाचित्रे निघाली, कारण ती निघावीत अशी मोठ्या माणसांची इच्छा होती. खोटे बोलल्याची कबुली त्यांनी १९८३ साली दिली, तेव्हा पहिल्या छायाचित्राला ६६ वर्षे झाली होती आणि डॉइल यांना जाऊन ५३. इतकी वर्षे गप्प का राहिलात, याचे एल्सीने दिलेले कारण साधे होते: एवढ्या मोठ्या माणसाला फसवल्यानंतर ते सांगायची लाज वाटली. फ्रान्सिस मात्र पाचवे छायाचित्र खरे आहे, असे अखेरपर्यंत म्हणत राहिली. १९८६ साली ती वारली.