गोदी गेली, गोदीतल्या माणसाचे काय?

बंदराचे काम थांबले की त्या जमिनीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नागपूरच्या लकडगंजातही पडायला हवा. इथल्या लाकूडबाजारात सागवानाचा ओंडका ट्रकमधून उतरतो, तेव्हा चार-सहा हमाल दोर आणि पहार घेऊन त्याला भिडतात. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी त्याच क्षणी जोर लावायचा. ताल चुकला तर पाय चिरडतो. सकाळी एका टालीवर घाम गाळणारी ही माणसे संध्याकाळी दुसरीकडे असतात. त्यांचा मालक बदलतो, बाजार बदलत नाही.

गोदी कामगाराचेही हेच होते. जहाज लागले तर काम, मुकादमाने निवडले तर मजुरी. ही लाचारी मोडण्यासाठी 1948 मध्ये गोदी कामगारांसाठी केंद्राचा कायदा आला. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी-हमालांचा कायदा केला. दोन्हींचा गाभा एकच : मालक रोज वेगळा असला, तरी कामगाराची जबाबदारी साऱ्या धंद्याची. नाव कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे नोंदवायचे, मजुरी मंडळामार्फत द्यायची, वर मालकाने लेव्ही भरायची आणि त्यातून फंड, रजा, बोनस. आपल्या कामगार कायद्यांत इतका शहाणा विचार मला दुसरा दिसत नाही.

जमिनीचा पुनर्विकास निघाला की नेमका हाच विचार बाजूला पडतो. लंडनची रॉयल व्हिक्टोरिया गोदी 1855 ची. कंटेनरची अवजड जहाजे तिथवर येईनात, माल थेम्सच्या मुखाकडे टिलबरीला गेला आणि 1981 मध्ये गोदी बंद झाली. त्याच वर्षी सरकारने विकास महामंडळ नेमले आणि नियोजनाचे अधिकार स्थानिक पालिकांच्या हातून गेले. 2000 मध्ये त्या काठावर एक्सेल हे अवाढव्य प्रदर्शन केंद्र उघडले. 2012 च्या ऑलिम्पिकमध्ये मेरी कोम आणि सुशीलकुमार यांनी पदके मिळवली ती तिथेच. बाहेर पाण्याच्या कडेला गोदीच्या जुन्या क्रेन जपल्या आहेत. त्या चालवणाऱ्यांच्या कसबाला मात्र आत जागा नव्हती.

मुंबई त्याच वाटेवर आहे. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनर खाडीपलीकडे गेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या बुजवल्या गेल्या. 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात शेकडो माणसे गेली, ती हीच व्हिक्टोरिया गोदी. बंदराच्या जमिनीचे काय करायचे, यावर 2014 मध्ये राणी जाधव समितीचा अहवाल आला. उद्या या किनाऱ्यावर प्रदर्शन केंद्र झाले तर माझी हरकत नाही. शहराला मोठी सभागृहे लागतातच. हरकत आहे ती हक्कदारांच्या यादीला.

कारण लकडगंजचा बाजार उद्या शहराबाहेर न्यायचे ठरले, तर दुकानदार पर्यायी भूखंड मागेल, जागामालक वाढीव चटईक्षेत्र. हमालाकडे ना सातबारा, ना भाडेपावती. त्याच्याकडे फक्त मंडळातली नोंद असते. पुनर्वसनाच्या पात्रतेसाठी हीच नोंद पुरावा धरली पाहिजे. नव्या सभागृहाच्या भाड्यावर लेव्ही बसवून ती मंडळाच्या फंडात जमा झाली पाहिजे. प्रदर्शनांचे मंडप उभे राहतात, मोडतात, मालाची चढउतार तिथेही असतेच. ते काम आधी नोंदित हमालांना मिळेल, ही अट निविदेतच घालता येते.