केव्हा पाहावं, हे कोणी ठरवायचं?

मोखाडा-जव्हार तालुक्यांतल्या एखाद्या आदिवासी गावात बोहाड्याची, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांची, रात्र असते तेव्हा पहिल्यांदा गणपतीचं सोंग येतं. त्याच्या मागून शारदा, मग एकेक करत देव, राक्षस, रामायण-महाभारतातली पात्रं. कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे चढवून, संबळाच्या आणि पिपाणीच्या तालावर पावलं टाकत ही सोंगं गावातल्या मोकळ्या वाटेवरून पुढे सरकतात. कोणतं सोंग कोणत्या घराने काढायचं हे बरेचदा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि कोणतं कोणामागून यायचं हेही ठरलेलं असतं. नृसिंह पाहायचा असेल तर नृसिंहाची पाळी येईपर्यंत बसावं लागतं. ‘आमची गाडी आहे, तेवढं आधी दाखवा’ असं म्हणायची सोय नाही. शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध होतं, राक्षस पडतो आणि मुखवटे उतरतात. पुढे वर्षभर ते घरात जपून ठेवलेले असतात. तोच मुखवटा संग्रहालयाच्या काचेमागे ठेवला तर सुट्टीचा वार सोडून कोणत्याही दिवशी, तिकीट काढून, जेवायच्या आधी किंवा नंतर पाहता येतो. या बदलात वातावरण हरवतं, संबळ हरवतो, हे सगळेच मान्य करतील. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पाहण्याची वेळ पाहणाऱ्याच्या हाती गेली की जे पाहायचं तेच बदलतं का? मला वाटतं, बदलतं, आणि हा बदल हळहळण्याचा विषय नसून धर्मविचाराचा विषय आहे.

याला पहिलं उत्तर कोणीही देईल ते असं की, आता मोठ्या संग्रहालयांतही वेळ पाहणाऱ्याच्या हाती कुठे राहिली आहे? पॅरिसच्या लुव्रमध्ये २०१९-२० साली लिओनार्दोचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा आधी वेळ आरक्षित केल्याशिवाय आत सोडतच नव्हते. मिलानला त्याच लिओनार्दोचं ‘अंतिम भोजन’ पाहायचं तर फार आधीपासून तिकिटाच्या मागे लागावं लागतं. मग ठरलेल्या मिनिटाला लहानशी तुकडी आत घेतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. प्रवासाचा सगळा बेत त्या पंधरा मिनिटांभोवती आखावा लागतो. गाडी चुकली की पैसे गेले. पण या दोन्हींना एका मापाने मोजून चालणार नाही. लुव्रची वेळ गर्दीसाठी आहे. दालनात एका वेळी किती माणसं मावतात याचा तो हिशेब. चित्राला त्याचं सोयरसुतक नाही. मिलानचं प्रकरण वेगळं आहे. लिओनार्दोने १४९५ ते १४९८ या काळात मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर हे चित्र काढलं, पण ओल्या गिलाव्यावर भराभर रंग भरण्याची रूढ रीत सोडून कोरड्या भिंतीवर सावकाश रंगवलं. त्यामुळे त्याच्या हयातीतच रंगाचे पापुद्रे सुटू लागले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बहल्ल्यात भोजनगृह कोसळलं, पण वाळूच्या पोत्यांनी आधार दिलेली चित्राची भिंत उभी राहिली. नंतर वीस वर्षांहून जास्त चाललेलं जतनाचं काम १९९९ मध्ये संपलं. आज आत जाणाऱ्याला हवा गाळणाऱ्या दालनांतून जावं लागतं, कारण माणसाच्या कपड्यांवरची धूळ आणि श्वासातला दमटपणासुद्धा त्या भिंतीला सोसत नाही. म्हणजे इथे पाहणाऱ्याची वेळ कापली जाते ती पाहिल्या जाणाऱ्या वस्तूच्या गरजेपोटी. हा फरक लहान नाही. पाहण्याच्या व्यवहारात समोरच्याचीही काही बाजू आहे, एवढं तरी त्यात कबूल केलेलं आहे.

तरीही मिलानची भिंत जे मागते आणि याच भागातल्या वारली आदिवासींच्या घराची भिंत जे मागते, त्यांची दिशा उलटी आहे. लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हातात टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, वाटीत पीठ आणि पाणी, एवढंच साहित्य. आधी चौकटीच्या नक्षीच्या ओळी, मग मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, माणसं. सोबत गाणी चालू असतात. लग्न लावते ती धवलेरी, आणि चौक नसेल तर लग्न लागत नाही. लग्न झाल्यावर मात्र चौकाची राखण कोणी करत नाही. चुलीचा धूर बसतो, पावसाळ्याची ओल येते, पुढच्या सारवणात उरलंसुरलं जातं. पुन्हा घरात लग्न निघालं की पुन्हा चौक. मिलानला पाहणाऱ्याला पंधरा मिनिटं देतात ती चित्र पाचशे वर्षं टिकावं म्हणून. चौकाला मुळात टिकायचंच नाही. त्याचं काम देवीला बोलावण्याचं आहे, आणि बोलावणं हे काम एका वेळेचंच असतं. आपल्या घरातल्या शाडूच्या गणपतीलाही आपण असंच आणतो, प्राणप्रतिष्ठा करतो आणि पाण्यात सोडतो. दहा दिवसांनंतर तो कपाटात ठेवून दिला तर सुंदर मूर्ती उरेल, पण उत्सव संपला म्हणजे नेमकं काय संपलं ते कळेनासं होईल. जे कायम समोर असतं ते येत नाही. आणि जे येत नाही त्याचं आगमन कसं व्हायचं? बोहाड्याचा मुखवटाही असाच येतो आणि जातो. म्हणून काचेमागच्या मुखवट्यात रंग, आकार, कारागिरी सगळं शाबूत राहूनही एक गोष्ट गळलेली असते. त्याला ‘आता नाही’ म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, हा आदिवासी गावाचा भाबडेपणा झाला. मोठ्या क्षेत्रांत देवही केव्हाच वेळापत्रकावर बसले आहेत. पंढरपूरचंच उदाहरण घ्या. तिथे वेळापत्रक आहेच, पण ते कोणाचं आहे ते पाहण्यासारखं आहे. काकड्याला देव उठतो, शेजारतीला निजतो, मधल्या वेळेत त्याचं स्नान, नैवेद्य, पोशाख. भाविकाने या दिनक्रमाशी आपली वेळ जुळवून घ्यायची. आषाढीला माणसांचा पूर आला की देवाचा पलंग काढतात. मग देव रात्रंदिवस उभा राहतो, आणि यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा झाली की पुन्हा निजतो. इतकी गर्दी असताना दरवाजे बंद करणं शक्य नव्हतं, हे व्यवहाराचं कारण कोणालाही कळेल. पण परंपरेने ते मंदिराची वेळ वाढवली असं न सांगता देवाने झोप सोडली असं सांगितलं, आणि झोप सोडणारा हा स्वतःची वेळ असलेला कोणीतरी असावा लागतो. २०२४ साली गाभाऱ्याच्या जतनाच्या कामासाठी पदस्पर्श दर्शन काही आठवडे बंद राहिलं आणि लोकांनी मुखदर्शनावर समाधान मानलं. मिलान आणि पंढरपूर त्या आठवड्यांत बरेच जवळ आले होते, असं म्हणायला हरकत नाही.

आता खरी अवघड हरकत. वेळ कोणीतरी राखायची म्हटलं की दार कोणीतरी राखायचं असंही होतं, आणि दार राखणाऱ्यांनी आपल्याकडे काय केलं हे सर्वांना ठाऊक आहे. याच विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना पाऊल टाकता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. संग्रहालय निदान जात विचारत नाही. तिकिटाचे पैसे आणि वेळेचा आकडा असला की कोणीही आत. संग्रहालय नावाच्या कल्पनेतली ही मोठी आणि खरी कमाई आहे. ती नाकारून बोहाड्याचं गुणगान करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: कोणी पाहायचं, आणि केव्हा पाहायचं. साने गुरुजींनी पहिल्या प्रश्नासाठी जीव पणाला लावला. देवाने आमच्या सवडीने जागावं अशी त्यांची मागणी नव्हती. देव ज्या वेळी इतरांना भेटतो त्याच वेळी सर्वांना भेटावा, एवढीच होती. पहिल्या प्रश्नाला ‘सर्वांनी’ हे एकच उत्तर शोभतं. ते उत्तर मिळवण्याची किंमत म्हणून दुसऱ्या प्रश्नाला ‘कधीही’ म्हणावं लागतं असं मात्र नाही. बोहाड्याच्या वाटेच्या कडेला बसायला कोणी आडकाठी करत नाही. वेगवेगळ्या जमातींची माणसं, पाहुणे, शहरातून आलेले, सगळे बसतात. ज्यांना सोंग काढायचा मान नाही त्यांनाही पाहायचा हक्क आहे. सोंगांचा मान ठरावीक घरांकडेच का असावा, हा वाद गावाने जरूर घालावा. तो निराळा वाद आहे.

दुसरी हरकत पोटाची, आणि ती या भागात हलक्या आवाजात मांडता येणार नाही. जव्हार-मोखाड्याचं नाव वर्तमानपत्रांत आलं ते कलेसाठी नव्हे. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं दगावली तेव्हा राज्याला हे तालुके माहीत झाले. अशा ठिकाणी कलेने चार पैसे आणले तर त्यात खोड काढणारे आपण कोण? खोड काढायची नाहीच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन शेजारच्या डहाणू तालुक्यात गेले, आणि लग्नाच्या भिंतीवरची रेषा कागदावर उतरली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा हाती घेतली, तेव्हा बायकांच्या हातच्या विद्येत एक पुरुष शिरला. १९८९ मध्ये त्यांचं काम पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात लागलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कीर्ती पुरुषांकडे गेली आणि भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायका निनावीच राहिल्या, हे या गोष्टीतलं शल्य आहे. पण मशे यांनी चौकच उचलून विकायला काढला, असं कोणी म्हणू शकणार नाही. कागदावर त्यांनी मासेमारीची जाळी विणली, मुंग्यांच्या रांगा काढल्या, शेतं काढली, लोककथा काढल्या. ती नवी चित्रकला होती, तिला मुहूर्त नव्हता, म्हणून ती कोणत्याही दिवशी विकण्यात काही बिघडलं नाही. बाजाराचा आणि विधीचा संबंध कसा असावा याचं उत्तर या एका कामात बरंचसं सापडतं: चित्र रोज विकावं, बोलावणं मात्र विकू नये.

एक कबुली पाहणाऱ्याच्या बाजूने द्यायला हवी. ज्याने एखाद्या चित्रासाठी कित्येक महिने आधी वेळ ठरवली, पैसे साठवले, सुट्टी जुळवली आणि ठरलेल्या मिनिटाला दारात उभा राहिला, त्याच्या वाट पाहण्याला किंमत आहे. वारकरी जो पायी चालतो तो वाट पाहण्यालाच उपासना मानून चालतो. काचेसमोर उभं राहून एखाद्याचे डोळे भरून येतात, तेव्हा तोही असंच अंतर स्वतः चालून आलेला असतो. फक्त ते सगळं एकट्या पाहणाऱ्याला करावं लागतं, समोरून कोणी येत नाही.

जव्हार-मोखाड्यात सध्या पर्यटनाची चर्चा जोरात आहे. थंड हवा, धबधबे, जयविलास राजवाडा, आणि सोबतीला ‘आदिवासी कला’. उद्या कोणी मुखवट्यांचं दालन उभारलं तर ते चांगलंच होईल. लगदा कसा कालवतात, रंग कसे चढवतात, हे तिथे वर्षभर दाखवता येईल, आणि मुलं शिकतील. मात्र गावच्या बोहाड्यातले मुखवटे त्या दालनात ठेवले असतील तर बोहाड्याच्या दिवसांत ती जागा रिकामी ठेवून मुखवटे गावी पाठवावेत, आणि आलेल्या पाहुण्याला ‘सध्या गावाला गेलेत’ असं खुशाल सांगावं. शनिवार-रविवारच्या गाड्यांसाठी अर्ध्या तासाचा बोहाडा बसवून देण्याची मागणी आली तर ती नाकारावी. त्याऐवजी तारपा वाजवून दाखवावा, चित्रं विकावीत, जेवण द्यावं. आणि ज्याला बोहाडा पाहायचा आहे त्याने होळीच्या आसपास तालुक्यात चौकशी करावी, आमच्या सोयीची तारीख सुचवू नये, गाव सांगेल त्या रात्री जावं, गणपतीच्या आधी पोचावं आणि महिषासुर पडेपर्यंत उठू नये.